चेटकिणीवर विश्वास ठेवणं पाप की न ठेवणं? मध्ययुगीन युरोपातला जादूटोणा आणि चर्च

इ. स. ९०६ च्या सुमारास रेगिनो नावाच्या जर्मन मठाधिपतीने बिशपांसाठी एक नियमसंग्रह तयार केला. प्रांतात फिरताना गावकऱ्यांना काय विचारायचं, कशाला काय शिक्षा द्यायची, याची ती हाताशी ठेवायची वही. तिच्यातलं एक कलम पुढे फार गाजलं. जादूटोणा आणि करणी करणाऱ्यांना गावाबाहेर काढा, असं ते आधी सांगतं. मग एका वेगळ्या गोष्टीकडे वळतं. काही बायका म्हणतात की आम्ही रात्री डायना देवीच्या लवाजम्यात, जनावरांवर बसून, कोसच्या कोस जातो. कलम म्हणतं, हे सैतानाने झोपेत दाखवलेले भास आहेत. स्वप्नात कोण कुठे जात नाही? असलं काही देहानिशी घडतं असं मानणारा माणूस खऱ्या श्रद्धेपासून ढळला आहे.

१४८६ मध्ये राइन नदीकाठच्या श्पायर शहरात एक जाडजूड लॅटिन ग्रंथ छापून निघाला: ‘मालेउस मालेफिकारुम’, म्हणजे चेटकिणींना चिरडणारा हातोडा. त्याचा पहिलाच प्रश्न असा की चेटकिणी असतात हे मानणं इतकं आवश्यक आहे का, की ते नाकारणं पाखंड, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्धची श्रद्धा, ठरावं? उत्तर: होय.

एकाच धर्मसंस्थेत ५८० वर्षांच्या अंतराने ही दोन उत्तरं आली. मधल्या काळात लोक अचानक जास्त अंधश्रद्धाळू झाले, असं काही झालं नाही. बदललं ते धर्मशास्त्र, आणि त्याहून जास्त बदलली कोर्टाची पद्धत.

शक्ती कोणाची?

मध्ययुगीन धर्मपंडितासमोर एखादा तोडगा आला की ‘याने गुण येतो का’ हा प्रश्न त्याच्या लेखी दुय्यम असे. त्याचा प्रश्न असायचा: गुण आलाच, तर तो कोणामुळे? देवामुळे आला तर चमत्कार. वनस्पतीच्या किंवा दगडाच्या अंगच्या गुणाने आला तर निसर्ग. लोहचुंबक लोखंड ओढतो हे याचं ठरलेलं उदाहरण. आणि या दोहोंपैकी काहीच नसेल, तर मग सैतानाचे दूत.

हा तिसरा कप्पा संत ऑगस्टीन यांनी घडवला. ते इ. स. ४३० मध्ये वारले, पण पुढची हजार वर्षं त्यांचा शब्द चालला. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. मंत्रातल्या शब्दांना, ताइतावरच्या आकृत्यांना वस्तूवर परिणाम करण्याची स्वतःची ताकद नाही. शब्द ही खूण असते, आणि खूण कोणालातरी उद्देशून असते. देवाने ती शिकवली नसेल तर ऐकणारा दुसराच कोणीतरी आहे. म्हणजे मंत्र म्हणणाऱ्याने, त्याला कळो न कळो, त्या दुसऱ्याशी बोलणी सुरू केली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनास यांनी याचे दोन भाग केले: उघड करार आणि मूक करार. सैतानाचं नावही न घेता निरर्थक अक्षरं गळ्यात बांधणारी म्हातारीसुद्धा मूक करारात सापडू शकते. हा मूक करार पुढे फार महागात पडला.

अक्वायनास यांनी ताइतासाठी व्यवहारात वापरता येईल अशी कसोटीही दिली. पवित्र वचन लिहून गळ्यात बांधायला हरकत नाही. मात्र त्यात सैतानाला हाक नको, अनोळखी नावं नकोत, खोटा मजकूर नको, क्रूसाशिवाय दुसरी आकृती नको, आणि लिहिण्याच्या किंवा बांधण्याच्या विशिष्ट रीतीमुळे गुण येतो असा भरवसा नको. कागदावर हे सगळं स्वच्छ दिसतं. गावात मात्र या रेषेचा पत्ता लागत नसे.

शेत बरं करण्याचा विधी

इंग्लंडमधल्या अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका हस्तलिखितात नापीक किंवा कोणी करणी केलेल्या शेतासाठी विधी दिला आहे. तो एक पूर्ण दिवस चालतो.

पहाट फुटण्याआधी शेताच्या चार बाजूंनी गवतासकट मातीची चार ढेपं कापायची. कुठलं ढेप कुठून कापलं याची खूण ठेवायची. मग तेल, मध, खमीर, त्या जमिनीवरच्या प्रत्येक जनावराचं दूध, कठीण लाकडाची झाडं सोडून बाकी प्रत्येक झाडाचा अंश आणि माहीत असलेल्या बहुतेक सगळ्या वनस्पतींचा अंश घ्यायचा. त्यावर पवित्र पाणी घालून ते ढेपांच्या मुळाकडच्या बाजूवर तीनदा ठिबकवायचं आणि बायबलमधलं ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ हे वचन म्हणायचं. सोबत प्रभूची प्रार्थना. मग ढेपं चर्चमध्ये न्यायची. धर्मगुरूने त्यांच्यावर चार मिस्सा (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना) म्हणायच्या, गवताची हिरवी बाजू वेदीकडे करून. सूर्यास्ताआधी ढेपं परत जागेवर. प्रत्येक खड्ड्यात आधी लाकडाचा छोटा क्रूस ठेवायचा, त्याच्या टोकांवर मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावं. वचन नऊ वेळा म्हणायचं, पूर्वेकडे तोंड करून नऊ वेळा वाकायचं.

इथे अर्धाच विधी झाला. पुढे भिकाऱ्यांकडून बियाणं घ्यायचं आणि त्यांना दुप्पट परत द्यायचं. नांगराच्या लाकडाला भोक पाडून त्यात ऊद, बडीशेप, आशीर्वादित साबण आणि आशीर्वादित मीठ भरायचं. ‘एर्के, एर्के, एर्के, धरणीमाते’ अशी साद घालून नांगर धरायचा. शेवटी हरतऱ्हेच्या पिठाची, दूध आणि पवित्र पाण्यात मळलेली तळहाताएवढी भाकरी नांगराच्या पहिल्या सरीखाली ठेवायची.

आता याला प्रार्थना म्हणायचं, शेती म्हणायची की जादू? ‘एर्के’ कोण हे आजही अभ्यासकांना नक्की सांगता येत नाही, आणि धरणीमातेला हाक मारणं बायबलमध्ये कुठे नाही. पण चार मिस्सा म्हणणारा धर्मगुरू विधीच्या मधोमध उभा आहे. ‘ख्रिस्ती मुलामा दिलेला जुना धर्म’ असं याचं वर्णन करण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. हा विधी करणारी माणसं स्वतःला पुरेपूर ख्रिस्ती समजत होती, आणि तो लिहून ठेवणारा हात लिहिता-वाचता येणाऱ्याचा, म्हणजे त्या काळी बहुधा एखाद्या मठवासीयाचाच होता. इतर हस्तलिखितांतही तेच दिसतं. एका तोडग्यात मिस्सेसाठी वापरतात तशा भाकरीच्या चकत्यांवर एफेससच्या सात झोपलेल्या संतांची नावं लिहून त्या रोग्याला द्यायला सांगितल्या आहेत.

शिक्षा: भाकरी आणि पाणी

सुरुवातीची काही शतकं चर्चचं मुख्य हत्यार होतं कबुली आणि प्रायश्चित्त. वर्म्सचा बिशप बुर्खार्ड याने इ. स. १०१० च्या आसपास जो मोठा संग्रह केला, त्यात कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूसाठी प्रश्नांची लांबलचक यादी आहे. प्रत्येक प्रश्नाखाली शिक्षा.

पाऊस पडत नसला की गावातल्या मुली एका लहान मुलीला विवस्त्र करून गावाबाहेर नेतात. तिला उजव्या हाताच्या करंगळीने खुरासनी ओव्याचं रोप उपटायला लावतात, ते तिच्या उजव्या पायाच्या करंगळीला बांधतात, नदीत नेऊन डहाळ्यांनी तिच्यावर पाणी शिंपडतात आणि खेकड्यासारखी उलट्या पावलांनी परत आणतात. ‘धोंडी धोंडी पाणी दे’ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे फार परकं वाटू नये. शिक्षा: वीस दिवस भाकरी आणि पाणी.

यादीतली दुसरी कलमं आणखी बोलकी आहेत. मंत्राने वादळ उठवता येतं असं मानलंस, किंवा त्यात भाग घेतलास? एक वर्ष ठरलेल्या दिवशी उपवास. रात्री डायनाबरोबर स्वारीला जाता येतं असं मानलंस? दोन वर्षं. इथे बहुतेक ठिकाणी क्रियापद ‘मानलंस का’ हे आहे. गुन्हा विश्वासाचा आहे.

याआधी फ्रँकांचा राजा शार्लमेन याने जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी आठव्या शतकाच्या शेवटी केलेला कायदा तर उलट्या टोकाला जातो: एखादी बाई किंवा पुरुष माणसं खाणारी चेटकी आहे असं समजून जो कोणी तिला जाळेल, त्याला मृत्युदंड. यावरून चर्चला किंवा राजाला विवेकवादी ठरवण्याची घाई नको. त्याच कायद्यात भविष्य सांगणाऱ्यांना चर्चच्या ताब्यात देण्याचंही फर्मान आहे.

लियोंचा बिशप अगोबार्ड याची, इ. स. ८१५ नंतरची तक्रार तर वाचण्याजोगी आहे. त्याच्या भागातल्या लोकांची खात्री होती की ‘मागोनिया’ नावाच्या देशातून ढगांतून जहाजं येतात, गारपिटीने झोडपलेलं पीक भरून नेतात, आणि गारा पाडणारे मांत्रिक त्या नावाड्यांना सामील आहेत. जहाजातून पडले म्हणून तीन पुरुष आणि एक बाई साखळदंडात बांधून दगडांनी मारायला आणली होती. अगोबार्डने वाद घालून तो प्रकार खोटा पाडला. त्याचं खरं दुखणं पुढे येतं. वादळापासून राखण करतो म्हणणाऱ्यांना शेतकरी दरवर्षी पिकातला ठरलेला वाटा राजीखुशीने देतात, आणि चर्चचा दशमांश द्यायला मात्र रडतात.

पुस्तकवाले

बाराव्या शतकापासून जादूची दुसरी जात वाढीला लागली. स्पेनमधल्या टोलेडोसारख्या शहरांत अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं होऊ लागली आणि गणित, वैद्यक, ज्योतिष यांच्याबरोबर ग्रहांच्या मुहूर्तावर ताईत घडवण्याचं शास्त्रही आलं. ‘पिकाट्रिक्स’ या नावाने गाजलेला मोठा अरबी ग्रंथ कास्तीलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या दरबारात १२५६ ते १२५८ या काळात भाषांतरित झाला. विद्यापीठातले लोक यावर गंभीरपणे वाद घालत होते. पॅरिसचा बिशप गिल्योम याने ‘नैसर्गिक जादू’ असा वेगळा वर्ग मान्य केला, तोही याच शतकात.

पण याच पुस्तकांच्या शेजारी सैतानी आत्म्यांना सरळ बोलावण्याची पुस्तकंही होती. ती कोण वापरत असे? लॅटिन येणारा, विधी माहीत असणारा, पोटापुरतं काम नसलेला कनिष्ठ धर्मसेवक. धर्मगुरू होण्याच्या पायऱ्यांमध्ये ‘भूत काढणारा’ ही एक पायरी होती, आणि त्या दीक्षेच्या वेळी त्याच्या हातात भूत काढण्याच्या मंत्रांचं पुस्तक दिलं जाई. ‘मी तुला आज्ञा करतो, निघ’ या मंत्रातलं ‘निघ’ बदलून ‘ये’ केलं की झालं. देवाची नावं, संतांची नावं, आज्ञेचा सूर सगळं तेच. म्युनिकमध्ये पंधराव्या शतकातली अशी एक वही जपून ठेवली आहे. तिच्यात जमिनीवर तलवारीने वर्तुळ काढणं, हुदहुद पक्ष्याचा बळी, आणि चोर शोधण्यासाठी लहान मुलाच्या नखाला तेल लावून त्यात आकृत्या पाहायला लावणं असे प्रकार आहेत.

या शेवटच्या प्रकाराचा साक्षीदार मोठा माणूस आहे. पुढे शार्त्रचा बिशप झालेला जॉन ऑफ सॉल्झबरी याने ११५९ मध्ये लिहून ठेवलं की लहानपणी त्याला स्तोत्रं शिकवणाऱ्या धर्मगुरूने त्याच्यावर आणि दुसऱ्या एका मुलावर हा प्रयोग केला. दुसऱ्याला अंधूक काही दिसलं. जॉनला तेलकट नख आणि चकचकीत भांडं यांपलीकडे काही दिसेना, म्हणून त्याला पुन्हा बसवलं नाही.

या काळापर्यंत शेताची ढेपं कापणारा शेतकरी, रात्री डायनाबरोबर जाणारी बाई आणि वर्तुळ काढणारा लॅटिन पंडित हे तीन वेगळे विषय होते. त्यांना एकत्र बांधलं ते पाखंडाच्या कायद्याने.

कोर्ट बदललं

जुन्या पद्धतीत खटला उभा करायला फिर्यादी लागे. त्याने नाव घेऊन आरोप करायचा आणि तो सिद्ध झाला नाही तर आरोपीला झाली असती ती शिक्षा त्याने भोगायची. करणीसारखा आरोप सिद्ध करणार कसा? म्हणून शहाणा माणूस शेजारणीला शिव्या घाले, पण कोर्टात जात नसे. पुरावा नसेल तिथे उकळत्या पाण्याची किंवा तापल्या लोखंडाची दिव्यं होती. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या रोममधल्या मोठ्या सभेने, धर्मगुरूंना दिव्यांत भाग घ्यायला मनाई केली आणि ती पद्धत ढासळली.

तिची जागा घेतली चौकशी पद्धतीने. यात फिर्यादी नसला तरी चालतं. न्यायाधीश स्वतः कुजबुज ऐकून चौकशी सुरू करतो, साक्षी लिहून घेतो. ऐकायला ही सुधारणा वाटते, आणि बऱ्याच अंशी होतीही. गंभीर गुन्ह्यात पूर्ण पुरावा म्हणजे दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा आरोपीची कबुली. परिस्थितीजन्य पुरावे कितीही जमवले तरी ते अर्धेच. आणि अर्धा पुरावा असेल तर उरलेला अर्धा मिळवण्यासाठी छळाला परवानगी. पाखंडाच्या खटल्यांत ती पोप चौथे इनोसंट यांनी १२५२ मध्ये दिली.

आता या यंत्रात करणीचा आरोप टाकून पाहा. गुन्हा गुप्त, प्रत्यक्षदर्शी नाहीत, म्हणून कबुलीशिवाय शिक्षा नाही, म्हणून छळ. पुरावा कडक हवा या नियमातूनच छळाची गरज निर्माण झाली.

मराठी वाचकांसाठी एक खुलासा इथेच. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून काढणारं चर्चचं न्यायालय, म्हटलं की गोवा आठवतं. पण १५६० मध्ये गोव्यात आलेलं न्यायालय हे १५३६ मध्ये पोर्तुगीज राजाच्या मागणीवरून उभ्या राहिलेल्या संस्थेची शाखा होतं, आणि तिथले बहुसंख्य खटले बाप्तिस्मा घेऊनही हिंदू चालीरीती पाळल्याचे होते. तेराव्या शतकात अशी एक संस्थाच नव्हती. पोपने नेमलेले सुटे अधिकारी होते, बहुतेक डॉमिनिकन किंवा फ्रान्सिस्कन या संन्यासी संघांतले, आणि त्यांचा अधिकार पाखंडापुरता. जादूटोण्याची प्रकरणं आम्ही घ्यायची का, असं त्यांनी विचारलं तेव्हा १२५८ मध्ये पोप चौथे अलेक्झांडर यांनी उत्तर दिलं: त्यात उघड पाखंड असेल तरच.

हा दरवाजा उघडला पोप बाविसावे जॉन यांनी. त्यांना स्वतःवर करणी होण्याची भीती होती. काओरचा बिशप यूग जेरो याने विष आणि मेणाच्या बाहुल्या वापरून पोपच्या जिवावर घाला घालण्याचा कट केला, असा आरोप ठेवून १३१७ मध्ये त्याला मारण्यात आलं. १३२० मध्ये पोपने दहा जाणकारांकडून मत मागवलं: मेणाच्या बाहुलीला बाप्तिस्मा देणं हे पाखंड का? पाखंड म्हणजे चुकीची श्रद्धा. इथे तर फक्त चुकीची कृती आहे. १३२६ च्या सुमाराच्या फर्मानाने निकाल लागला: बाहुल्या, आरसे, अंगठ्या यांत सैतानी आत्मे बांधणारे, त्यांच्याशी करार करणारे धर्मबहिष्कृत, ताकीद मिळाल्यावर आठ दिवसांत सुधारले नाहीत तर पाखंड्याची शिक्षा. ऑगस्टीन यांचा करार आता कायद्याचं कलम झाला होता.

आल्प्समधली गोधडी

तरीही चौदाव्या शतकात खटले सुटे होते, आणि त्यांतले बरेच राजदरबारांतले. घाऊक पाठलाग सुरू झाला तो १४२० च्या दशकाच्या शेवटी, आल्प्सच्या पश्चिम खोऱ्यांत. ७ ऑगस्ट १४२८ रोजी वॅले प्रांतातल्या लॉइक गावी जमलेल्या प्रतिनिधींनी नियम केले: तीन-चार शेजाऱ्यांनी एखाद्याला चेटक्या म्हटलं तरी त्याला पकडता येईल. फिर्यादीवरची जुनी जोखीम संपली.

पुढच्या दहाएक वर्षांत याच टापूत चेटकिणींचं नवं चित्र तयार झालं. उडणं डायनाच्या स्वारीतून आलं, गारा आणि मेलेली जनावरं गावातल्या करणीतून, करार पंडितांच्या जादूतून. रात्रीची सभा, क्रूस तुडवणं, सैतानाला मुजरा, बाळं मारून खाणं हे सगळं पाखंड्यांवरच्या जुन्या आरोपांतून उचललेलं. ऑर्लेआंमध्ये १०२२ साली जाळलेल्या लोकांबद्दलही हेच सांगितलं गेलं होतं. गंमत म्हणजे पहिल्या शतकांत रोमन लोक ख्रिस्ती लोकांबद्दल नेमकं हेच बोलत. १४३१ पासून बाझेलला भरलेल्या चर्चच्या परिषदेत देशोदेशीचे पंडित एकत्र आले आणि ही माहिती घेऊन घरी गेले.

सर्वांत घातक ठरली ती सभा. एकटीने केलेल्या करणीचा खटला एका कबुलीवर संपतो. सभेला गेलेल्या बाईला मात्र पुढचा प्रश्न विचारता येतो: तिथे आणखी कोण होतं? छळाखाली तिने नावं घेतली की त्यांना आणायचं, आणि त्यांनाही तेच विचारायचं. या नव्या सभेपुढे रेगिनोचं ‘हे स्वप्न आहे’ अडचणीचं ठरू लागलं. त्यावर पंडितांनी पळवाट काढली: ते कलम जुन्या काळच्या भाबड्या बायकांबद्दल आहे, हा पंथ नवा आहे.

‘हातोडा’ लिहिणारा हाइनरिश क्रामर याला मात्र प्रत्यक्ष कोर्टात हार खावी लागली होती. १४८५ मध्ये इन्सब्रुकला त्याने हेलेना शॉयबेरिन आणि इतर बायकांवर खटला चालवला. त्याने तिच्या लैंगिक आयुष्याबद्दल विचारायला सुरुवात केली तेव्हा बिशपच्या प्रतिनिधीने ते विषयाबाहेरचं म्हणून थांबवलं. बचावाच्या वकिलाने कामकाजातले दोष दाखवले, आणि बायका सुटल्या. हा म्हातारपणाने पोरकट झाला आहे, असं बिशप गोल्सरने पत्रात लिहिलं आणि त्याला प्रांत सोडायला सांगितलं. त्यानंतर त्याने जे लिहिलं ते पुढच्याच वर्षी छापून निघालं.

आकडे वाचताना

युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे ४० ते ६० हजार लोकांना मारलं गेलं, असा आजचा अंदाज आहे. त्यांत तीन-चतुर्थांशांच्या आसपास बायका. यातला मोठा भाग १५६० नंतरच्या शंभरेक वर्षांतला, म्हणजे मध्ययुग संपल्यावरचा, आणि बहुतांश शिक्षा राजांच्या व शहरांच्या न्यायालयांनी दिलेल्या.

याविरुद्ध दोन गोष्टी अजून फिरतात. एक, नव्वद लाख बळींचा आकडा. तो १७८४ मध्ये गॉटफ्रीड क्रिस्टियान फोग्ट याने क्वेडलिनबुर्ग या एका गावातल्या थोड्या नोंदींना सगळ्या युरोपच्या लोकसंख्येने आणि शतकांनी गुणून काढला. त्याचं उत्तर होतं ९४,४२,९९४. इतका नेमका आकडा पाहूनच शंका यायला हवी होती. दुसरी गोष्ट, चौदाव्या शतकात तुलूझ आणि कार्कासोनमध्ये शेकडो चेटकिणी जाळल्याची हकिगत. तिचा उगम एतिएन-लेओं द लामोत-लांगों या फ्रेंच लेखकाच्या १८२९ च्या इतिहासात आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या या गृहस्थाने ते खटले चक्क रचले होते. नॉर्मन कोन आणि रिचर्ड कीकहेफर या इतिहासकारांनी १९७० च्या दशकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ही बनवाबनवी उघड केली. म्हणून १३३५ सालच्या तुलूझच्या ‘पहिल्या’ सैतानी सभेचा दाखला एखाद्या पुस्तकात दिसला, तर त्या लेखकाचे चौदाव्या शतकाबद्दलचे बाकीचे दावेही तपासून घ्यावेत.